नदीपलीकडे गेलेली रेघ

सर, तीन दिवसांपूर्वी तुमची मुलगी आली होती. मी आता गोत्रीला मुलाकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती म्हणून ती जिने चढून आली, आणि दारात दम खात उभी राहिली तेव्हा मला क्षणभर काकूच आल्यासारखं वाटलं. तिचेही केस पांढरे झालेत. काखेत पत्र्याची लांब नळी होती. झाकणाला पोचा आलेली ती नळी मी लगेच ओळखली. तो पोचा माझ्याच हातून पडला होता आणि तुम्ही त्यावरून एक शब्द बोलला नव्हतात. ती म्हणाली, "काका, बाबांचे लेख एकत्र छापायचं ठरवलंय. हा नकाशा पहिल्या पानावर घेणार. सर्व्हे कसा केला ते आता तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. चार ओळी लिहून द्याल?" मी म्हटलं, नववी नापास माणूस मी, मला काय लिहिता येतंय. "बाबा म्हणायचे, त्याच्या अक्षरालाच डिग्री द्यायला हवी," असं म्हणून ती हसली. ती गेल्यावर प्रेशरची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून मुलाला कामावर फोन केला. तो कोयलीला रिफायनरीत आहे. "पप्पा, डबी उघडून जुओ ने," म्हणाला आणि ठेवला. आमच्या घरात आता असंच, निम्मं गुजरातीत बोलतात.

नळी ती इथेच ठेवून गेली होती. दोन दिवस मी ती उघडली नाही. काल दुपारी सून बाहेर गेल्यावर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. ट्रेसिंगचा कागद पिवळा पडलाय पण माझी शाई तशीच आहे. मध्ये बडोदे, भोवती गावांचे ठिपके, आणि सगळ्यांना वेढून जाणारी ती रेघ. आणि वायव्येला, महीसागरच्या पलीकडे, रेघ जिभेसारखी बाहेर आलेली. तिच्या टोकाला एकच गाव. ते पाहिलं आणि वाट्या उचलून नकाशा पुन्हा गुंडाळून टाकला.

तुम्ही मला भूगोल विभागात नकाशे काढायला कामावर घेतलंत तेव्हा गुजरात होऊन काही वर्षं झाली होती. बडोद्यातली निम्मी मराठी घरं पुण्याला जायच्या गोष्टी करत होती. तुमचे मेहुणे एकदा सयाजीगंजातल्या तुमच्या घरी आले आणि म्हणाले, "आता तुम्ही परप्रांतात राहता." तुम्ही म्हणालात, "मी कुठल्या प्रदेशात राहतो ते माझा भाजीवाला सांगेल, सरकार नाही." मला तेव्हा तो नुसता फटकळपणा वाटला. तुमचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं आहे हे पुढे कळलं. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या हद्दी तुम्हाला नको होत्या. बडोदे खरं कुठवर पोचतं, ते तुम्हाला शोधायचं होतं. लग्नाचा बस्ता कुठून आणता, आजारी माणसाला कुठे नेता, दूध कुठे जातं, पोराला पुढच्या शाळेसाठी कुठे ठेवता. ज्या गावातली जास्त घरं बडोद्याचं नाव घेतील ते आत, बाकीची बाहेर.

एकदा तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवतोय. तुमच्या ताटात काकूंनी आमटी वाढली, ती पसरली आणि कढीला जाऊन मिळाली. तुम्ही बोट दाखवून विचारता, "बघ, आमटी कुठे संपते आणि कढी कुठे सुरू होते? रेघ दिसते?" मी म्हटलं, नाही, मधे नुसताच पिवळा पट्टा आहे. "बरोबर. प्रदेश असेच असतात. रेघ आपण काढतो, कारण कागदाला ती लागते." काकू म्हणाल्या, "आधी गिळा दोघं. नकाशा नंतर काढा. आणि आमटी पातळ झालीय हे सरळ सांगायचं होतं." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. त्याच आठवड्यात मी हद्दीची रेघ जरा जाड काढली तर तुम्ही कागद माझ्यापुढे आपटलात. "हद्द काढायला सांगितली होती, भिंत बांधायला नाही." अख्खी रेघ मी ब्लेडने खरवडून काढली. ट्रेसिंगवर शाईची चूक अशीच काढतात, कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने. मला ते चांगलं जमत असे.

माणसं कमी होती म्हणून तुम्ही मला फॉर्म देऊन गावांनाही पाठवू लागलात. निघताना दर वेळी एकच ताकीद. "घरात बसलेल्याला विचार. वेगवेगळ्या फळियांत, आळ्याआळ्यांत जा. रस्त्यात भेटलेल्याला विचारू नकोस, तो आधीच कुठेतरी निघालेला असतो." मी मान डोलवायचो. शेवटचं गाव नदीपलीकडचं होतं. बसने काठावर उतरलो, कोतरांतून, मातीच्या घळींतून खाली चालत गेलो. होडी अलीकडच्या काठालाच लागलेली. तिच्यात दुधाची रिकामी कॅन, एक पाडी, बायामाणसं, आणि होडीची कड पाण्याला टेकायला आलेली. पाण्याची मला लहानपणापासून भीती. त्यात माझं लग्न ठरलेलं. नावाडी ओरडला, "आवी जाओ साहेब, जगा छे!" मला कोणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ, तरी पाय उचलला नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला येतो. पुढची खेप आली, गेली. त्याच्या पुढचीही. काठावर चहाची टपरी होती. टपरीवाला म्हणाला, "होडीमांथी उतरे ए बधा ए ज गामना छे, अहीं ज पूछी लो ने." उतरणारे सगळे त्याच गावचे, इथेच विचारून घ्या म्हणणारा तो मला देवासारखा वाटला. बाकड्यावर बसून उतरणाऱ्या एकेकाला विचारलं. बस्ता? "वडोदरा." दवाखाना? "वडोदरा ज ने, बीजे क्यां?" दहाच्या दहा फॉर्म भरले. फळियांची नावंही त्यांच्याकडूनच विचारून घातली.

सर, होडीतून अलीकडे उतरणारा माणूस बडोद्याचंच नाव घेणार. तंबाखू विकायला किंवा डॉक्टरकडे जो पलीकडच्या पलीकडे बोरसदला गेला, तो मला भेटणारच कसा? हे मला तेव्हा सुचलंच नाही असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. बसमध्ये परत येतानाच सुचलं होतं. रस्त्यात भेटलेला आधीच कुठेतरी निघालेला असतो, हे वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू येत होतं. तुम्ही फॉर्म चाळलेत आणि उठून उभे राहिलात. "अरे, नदीसुद्धा अडवत नाही! बघितलंस?" ती जीभ तुम्ही स्वतः पेन्सिलने काढून दिलीत, मी तिच्यावर शाई फिरवली. नकाशा पुरा झाल्यावर तुम्ही मला नकाशे काढायचं परदेशी पेन दिलंत. मी ते एकदाही शाईत बुडवलं नाही. ट्रंकेत आहे.

मग ते चर्चासत्र. मागच्या खुर्चीवर मी नकाशे धरून बसलोय. बाहेरगावचा एक तरुण प्राध्यापक उठून म्हणतो, सगळीकडे रेघ नदीशी थांबते, मग इथेच पलीकडे कशी जाते, या एका गावाची मला शंका आहे. तुम्ही चिडला नाहीत. वळून माझ्याकडे हात केलात. "माझा माणूस त्या गावात घरोघर जाऊन आलाय. विचारा त्याला." सगळ्या माना मागे वळल्या. तो तरुण मला विचारतो, "गेला होतात?" मी उभा राहून म्हणालो, "हो सर." तो खाली बसला. त्या नदीवरून तुम्ही नंतर दोन लेख लिहिलेत. प्रत्येक नव्या वर्गाला ती जीभ दाखवायचात. एकदा खोलीत कोणी नसताना मी ब्लेड घेऊन नकाशापुढे बसलो होतो. दोन इंच खरवडायचे, इतकंच काम. पण रेघ खरवडली तरी तुमचे लेख राहणारच होते. ब्लेड परत कागदात गुंडाळलं.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा सांगायला म्हणून आलो होतो. काकू म्हणाल्या, "पाचच मिनिटं बसा हं, त्यांना दम लागतो." त्या पाच मिनिटांत मी कसली तरी बसची वेळ बदलल्याचं बोलत राहिलो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग काकूंनी दार उघडलं.

मुलगा म्हणतो, रविवारी गाडीने पलीकडे जाऊन येऊ, पूल आहे, तासाभराचं काम. त्याला वाटतं मला जुनी जागा बघायची आहे. पण जाऊन विचारू कोणाला? तेव्हा बस्ता कुठून आणत होतात हे सांगणारी माणसं कधीच गेली. कदाचित ते गाव खरंच बडोद्याचं असेल. कदाचित रेघ बरोबरच असेल. पण ती बरोबर की चूक हे आता कोणालाच कळणार नाही, आणि कळण्यासारखी एकच दुपार होती, ती मी बाकड्यावर चहा पीत घालवली. या विचाराने झोपेतून उठतो, मग गॅस बंद आहे का ते बघून येतो.

हे पत्र तुमच्या मुलीच्या हाती पडू द्यायचं नाही. नळीत घालावं असं एकदा वाटलं, पण मुलगी ती उघडणारच होती. म्हणून ट्रंकेत, त्या पेनाजवळ ठेवतो. ती आज सकाळी येऊन नकाशा घेऊन गेली. चार ओळीही दिल्या, चांगल्या अक्षरात. तिने इथेच उभ्या उभ्या मोठ्याने वाचल्या आणि माझ्या पाया पडली. त्या ओळींत, सर, मी होडीत बसलोय, आणि पलीकडे उतरून घरोघर जाऊन आलोय.