देवळ्याच्या चाळीतलं मढं

नाशिक रोड,
रविवार

तीर्थरूप आप्पामामांस,

भाची उज्वला हिचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी तुमच्यासाठी वाकले). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला असेलच. इकडे सगळे बरे.

पत्रास कारण की, मी खून करते हे आता चारचौघांत फुटलं आहे. कादंबरीत करते, घाबरू नका. मागच्या महिन्यात वाचनालयाच्या कथा-मंडळात पहिलं प्रकरण वाचलं. चौथ्या पानावर मढं सापडलं आणि दोन बायका चहाला उठल्या (चहा अजून यायचा होता). कार्यवाहांनी मला मध्येच थांबवून सुचवलं की मृत्यू ठेवा, पण नैसर्गिक ठेवा; माणूस आजारी पडू दे, मुलगा परदेशातून भेटायला येऊ दे. मी हसून मान डोलावली, बाहेर आले आणि ठरवलं, उद्या ही दोनशे बारा पानं रद्दीत. शाळेतली कारकुनी सांभाळून सात वर्षं लिहिलेली पानं, मामा. रिक्षात बसल्यावर चष्मा दोनदा पुसावा लागला.

तेवढ्यात मागून एक बाई पळत आल्या. या मालनबाई, मखमलाबादला त्यांची फुलशेती. पाहुण्यांचे गुच्छ पोचवायला आल्या होत्या आणि दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. रिक्षाचा दांडा धरून म्हणाल्या, "बाई, मारला कोणी ते सांगून जा. नायतर मला झोप नाय."

सांगितलं. (रिक्षावाल्यानेही इंजिन बंद करून ऐकलं.) मग कळलं की त्या स्वतः भुतांच्या गोष्टी रचतात आणि फुलं तोडणाऱ्या बायकांना ऐकवतात. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या शेडमध्ये संजना येते. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते आणि परग्रहावरच्या कथा लिहिते. तिसरी आता मी. पहिल्या गुरुवारी पानं घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, आपल्यासारख्याच बायका, कौतुक करतील. कसलं काय! माझं मढं देवळ्याला कांदा साठवायच्या चाळीत आठ दिवस लपलेलं. मालनबाई शांतपणे म्हणाल्या, "चाळीला वाऱ्यासाठी फटी असत्यात. आठ दिवस कोणालाच वास नाय?" संजनाने वाळलेल्या रक्ताचा रंगही चुकीचा ठरवला. पाच प्रकरणं बाद झाली. घरी येताना मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नातही झाला नव्हता (हे आमच्या यांना कळवू नका). कारण खून का करतेस, असं कोणी विचारलंच नाही. नीट कर, एवढंच म्हणाल्या. आता रोज शाळेआधी तासभर लिहिते.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
उज्वला

ता. क. : येत्या गुरुवारी आम्ही तिघी देवळ्याला येतोय. तुमच्या चाळीचा एक कप्पा रिकामा ठेवा. संजना आत आडवी पडेल आणि फटीतून ती कितपत दिसते ते मी बाहेरून पाहीन. शेजारी विचारतील, त्यांना कांदा बघायला आल्यात म्हणा.

ता. क. दुसरा : मामींना हे फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, चाळीपेक्षा विहीर बरी, त्यांनी गुपचूप लिहिलेल्या तिन्ही वह्यांत विहीरच आहे. वह्यांचं तुम्हाला मीच कळवावं असं त्यांनी सांगितलं, त्यांना स्वतःला संकोच वाटतो. परतताना त्यांना वह्यांसकट चार दिवस नाशिकला घेऊन जाऊ. तोवर त्यांचं कौतुक करा, आणि विहिरीत कोण पडतं हे मात्र विचारू नका.