छातीवरचं नाव

ओतिलिया बाळा,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. सरकारनं तुला अमेरिकेतून मेक्सिकोला परत धाडल्यापासून पत्राचीही भीती वाटते.

तुझ्या लेकीच्या, यारेलीच्या कॉलेजात आता कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही पगारी काम देतात. तिला ग्रंथालयात मिळालंय. छातीवर पूर्ण नावाची पट्टी लावून बसते. मी म्हटलं, "पोरी, काढ ती. उद्या कुणी उचललं तर? मी द्राक्षमळ्यात दुसऱ्याच्या कागदांवर बासिलियो म्हणून राबलो, म्हणून टिकलो."

ती हसली. "म्हणजे आजोबा, कष्ट तुमचे आणि नाव बासिलियोचं."

तिला अडवू की राहू देऊ? पाकिटावर घरचा पत्ता लिहायला हात धजत नाही, तरी तुझा निरोप लवकर येऊ दे.

तुझा बाबा,
निकानोर