न नेलेले कपडे

बाबा, रविवारी सकाळी टेम्पो येणार आहे. दिग्रसचं घर सोडून आम्ही यवतमाळला, लोहाऱ्यात मुलाच्या कारखान्याजवळ राहायला चाललो आहोत. तिसरा मजला, दोन खोल्या. भांडी, गाद्या, कपाट यांचं काय न्यायचं, काय ठेवायचं ते दोन दिवसांत ठरलं. तुमची शिलाई मशीन धाकट्या बहिणीने नेली. अडलं ते फक्त तुमच्या लोखंडी पेटीवर. आठवडाभर माझा जेवताना घास तोंडात फिरत राहिला.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण लोकांनी शिवायला टाकलेले आणि कधीच न नेलेले अकरा कपडे पेटीत तसेच होते. प्रत्येकाला टाचणीने लावलेली चिठ्ठी, त्यावर तुमच्या तिरक्या अक्षरात नाव, मोहल्ला आणि मापं. टाचण्या गंजून कापडावर तांबूस डाग पडले आहेत. हे म्हणाले, "कायले नेतं तू हे? भांडेवालीले देऊन टाक, एखादा डबा तरी येईन." त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण मला आठवीतलं गॅदरिंग आठवलं. नाचासाठी मी याच पेटीतला पिवळा ब्लाउज न विचारता घातला होता. घरी येते तर तुम्ही ओसरीवर मशीनपाशी बसलेले. ओरडत नाही. पाय थांबवता आणि एवढंच म्हणता, "लोकाचं हाये ते." मग तो मला धुवायला लावता, इस्त्री करायला लावता आणि घडी नीट पडेपर्यंत समोर उभे राहता.

म्हणून बुधवारी चिठ्ठ्या वाचत मी निघाले. एका पत्त्यावर आता मोबाईलचं दुकान आहे. दुसरीकडे सून म्हणाली, सासरे कधीच वारले, आता शर्ट कोणाला देता. तिसरं घर सापडलंच नाही. परत फिरावं असं वाटत होतं, तेवढ्यात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत एक म्हातारी दारात तूर निवडताना दिसली. मी नाव विचारलं, तर तीच निघाली. पूर्वी ती जिनिंगमध्ये कामाला जायची. पिशवीतून तिचा मोरपंखी ब्लाउज काढला. तिने हात पदराला पुसले, मगच तो घेतला.

"भावाच्या लग्नासाठी टाकलता," ती म्हणाली. "त्याच हप्त्यात आमचे मालक गेले. मंग हा रंग मी कोठी घालू? तुह्या बाबाले सांगाले आलती मी, म्हनलं देऊन टाका कोनाले. तं ते म्हनले, राहू दे बाई, माह्या पेटीले काई जड नाई होत."

हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला काही टाकवतच नाही. तिने ब्लाउज अंगाला लावून पाहिला, आता तो केवढा तरी मोठा होत होता, आणि थोडी हसली. आम्ही घर सोडतोय म्हणून मी सांगितलं, उरलेल्या कपड्यांचं काय करू कळत नाही, असंही बोलून गेले. ती म्हणाली, "पेटी ठेव माह्या घरी. मी कोठी चालली? कोनाचं कोनी आलं तं देईन."

काल यांनी आणि ऑटोवाल्याने पेटी तिच्या खाटेखाली सरकवून दिली. रात्री मी पोटभर जेवले.

पण बाबा, पेटीत नऊच कपडे गेले. एक फ्रॉक मी काढून घेतला, तो इथे उशाशी आहे. तुम्ही यवतमाळच्या दवाखान्यात होता तेव्हा एक बाई लेकीचा फ्रॉक न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी पोरीचा वाढदिवस होता. फ्रॉक तयार होता, पेटीत वरच होता. मी पडल्या पडल्या सांगितलं, "बाबा आल्यावर या." मला उठायचा कंटाळा आला होता, बाकी काही नाही.