तीन पेट्या, सहा गोट्या आणि एक ओरखडा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा लाकडी पेट्या बनवणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आधीचं रद्द समजावं. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मनाचं विचारू नका.

वकिलांना सूचना: आधी माझ्या तिन्ही मुलांना एकेक पेटी उचलू द्या, सगळ्यांसमोर उलटी करायला लावा, मगच हे वाचा.

१. जावेने चार दिवसांसाठी म्हणून नेलेली करवत अकरा वर्षं तिच्याकडेच आहे. राहू द्या. दात तेव्हाच बोथट होते.

२. रंधे आणि पटाश्या माझ्या हाताखालच्या कारागिरणीला. तिने न विचारता कधी खिळासुद्धा उचलला नाही.

३. घर आणि कारखाना यांचे सहा समान हिस्से. एका हिश्शाला एक लाकडी गोटी. गोट्या अशा, की एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. पेट्याही तशाच.

मुलं लहान असताना मी याच गोट्यांवर त्यांना मोजायला शिकवलं. सहा गोट्या तीन पेट्यांत किती तऱ्हांनी राहतील? थोरल्याने वही भरून अठ्ठावीस काढले. "अरे वेड्या, पेट्या ओळखू येतात का तुला?" मधली म्हणाली. धाकटा ओरडला, "मग सातच!" सहा, पाच-एक, चार-दोन, तीन-तीन, चार-एक-एक, तीन-दोन-एक, दोन-दोन-दोन. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

म्हणून वाटणीही तशीच ठरवली. कोणाला जास्त, कोणाला कमी हे नशिबाने ठरवावं, आईने दुजाभाव केला असं कोणी म्हणायला नको. तीन-दोन-एक भरून झाकणं ठोकली, पेट्यांची जागा बदलली. माझ्यामागे ज्याच्या हाती जी येईल ती. तिघांनीही मान डोलावली.

मग मी आठवडाभर दवाखान्यात होते. परत आले तर एका पेटीच्या बुडाला ओरखडा, झाकणाचे खिळे पुन्हा ठोकलेले. उघडून पाहिलं. आत तीन गोट्या. एक पेटी ओळखू आली की साताचे सोळा प्रकार होतात, हेही मीच शिकवलं होतं! पोटच्या पोराने केसाने गळा कापला. मी कोणाला विचारलं नाही. तिघांनीही "आई, मी नाही गं" म्हटलं असतं, अगदी एकसारखं.

४. तसाच ओरखडा मी उरलेल्या दोन्ही पेट्यांवर काढला आहे. आत आता दोन-दोन-दोन. समान वाटा सरळ लिहून देता आला असता, पण मग बूड चाचपणारा हात दिसला नसता.

तिन्ही ओरखडे बघून ज्याचा चेहरा पडला असेल, त्याला बाकीच्यांनी काही बोलू नये. तुला तुझा वाटा पूर्ण मिळाला आहे. पण तू कोण ते न कळल्यामुळे मी दोन वर्षं तिघांवरही संशय घेतला. त्या दोघांची माफी माझ्या वतीने तू माग.

सही: पेटीवाली
साक्षीदार: समोरची शिंपीण, कोपऱ्यावरचा कुलूपवाला
ठिकाण: कारखान्यामागची खोली
दिनांक: १२ मार्च