लिंबाचं काय करू, आत्याबाई?

ती. आत्याबाईंना,

तुमच्या सुनेचा, सुनीताचा नमस्कार.

तुम्ही गेल्यावर दोन पाडवे झाले आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. हसू येईल तुम्हाला. शेजारच्या खोलीत होतात तेव्हा बोलायच्या ऐवजी भांडी आपटायचे मी! पण मला तुमच्याकडे मामांनीच पाठवलंय. काल सोलरवाला इंजिनिअर टेप घेऊन अंगणात उभा होता. मी मामांना विचारलं, "मामा, लिंब तोडू द्यायचा का?" तर तुमचे मालक खाटेवरूनच म्हणाले, "मला काय इचारायलीस? तिनं लावल्यालं झाड हाय. आधी तिला इचार."

म्हणून विचारतेय. तोडू का?

थांबा, लगेच रागावू नका. आधी ऐका.

तुमच्यामागं मामांचा दमा फार वाढला. आता नाकात नळी असते आणि उशाशी एक मशीन, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं. ते लाईटवर चालतं. आणि आपल्या कळंबची लाईट तुम्हाला काय सांगायची? आभाळ नुसतं भरून आलं तरी जाते. इन्व्हर्टर आहे, पण या मशीनला तो किती पुरणार? मागच्या आठवड्यात वादळी वारं, वावधान सुटलं आणि भरदुपारी गेलेली लाईट दिवस मावळला तरी आली नाही. इन्व्हर्टर ओरडायला लागला. तुमचा लेक मोटारसायकलवर सिलिंडर आणायला पळाला आणि मी मामांची पाठ चोळत बसले. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. लई भ्याले, आत्याबाई. त्याच दिवशी आम्ही ठरवलं, घराची स्वतःची लाईट पाहिजे. सोलर, बॅटरीसकट.

पुण्याच्या एका कंपनीला मीच फोन केला. पोरगी गोड बोलत होती. "मॅडम, छतावर कशाची सावली येते का?" म्हटलं, "येते की, लिंबाचं झाड आहे." ती म्हणाली, "काही हरकत नाही, ते हलवता येईल."

मला वाटलं, काय सुधारणा झालीय! पुण्याची माणसं अख्खा लिंब हलवतात!

तिनं लिहून घेतलं होतं लिंबू. कुंडीतलं, सरबताचं. तिच्याकडं लिंबाचं झाड म्हणजे तेच. मग काल हा इंजिनिअर आला आणि फाटकातच मान वर करून उभा राहिला. "मॅडम, हे तर कडुनिंब आहे!" मी म्हटलं, "मग? मी लिंबच म्हणाले होते ना!" मामांना इतकं हसू आलं की खोकल्याची ढास लागली आणि मशीन वाढवावं लागलं. तुम्ही गेल्यापासून एवढं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

इंजिनिअर बिचारा सज्जन होता. वर जाऊन मोजमाप करून आला आणि म्हणाला, "जागा चांगली आहे, एकच दोष आहे. सावली." सावलीला दोष म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला! आणि एवढं बोलून घाम पुसत पुसत खुर्ची ओढून बसला कुठं? लिंबाखालीच.

तुम्हीही कमाल केलीत, आत्याबाई. एवढं मोठं अंगण पडलं होतं, सोलरला जिकडून ऊन लागतं त्या दक्षिणेलाच नेमका लावायचा होता?

पण तिथं लावलात म्हणूनच हे घर राहण्यासारखं आहे, हेही मला कळतं. मातीचं माळवद पाडून आम्ही स्लॅब टाकला तेव्हा तुम्ही लेकाला बजावलं होतं, "माळवद पाडा, पण माझ्या लिंबाला हात लावायचा न्हाय. न्हायतर स्लॅबखाली भाकरी भाजंल." खरंच भाजली असती. झाड गेलं की घर तापणार, मग दोन कूलर लागणार, आणि ते चालवायला आणखी सोलर. झाड जे फुकट करतंय तेच करायला झाड तोडायचं? मला तर काही समजेनासं झालंय. नगरपालिकेची घंटागाडी रोज सकाळी येते, एकाच भोंग्यातून ओरडते, "झाडे लावा!" आणि पुढच्या वळणावर, "सोलर बसवा!" दोन्ही खरंच असणार. पण आमच्या अंगणात दोन्ही कसं बसवायचं ते कोणीच ओरडत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

लिंबोळ्या झाडून झाडून मी या झाडाला किती शिव्या घातल्या असतील! तुम्ही म्हणायचात, "केर काढताना कंबर मोडती, आन् दुपारी बूड टेकायला मात्र सावली पायजे, व्हय गं?" आणि आता तोडायची वेळ आलीय तर हात उचलत नाही. असं का होतंय मला?

इथवर लिहिलं आणि समोरच्या शबानाभाभी आल्या. रोजच्यासारखी चटई घेऊन, लिंबाखाली भाजी निवडायला. मी रडवेली दिसले असणार. विचारलं तसं मी सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत निवडत म्हणाल्या, "अगं, माझ्या स्लॅबवर ऊनच ऊन हाय. दुपारभर तुमची सावली खाते मी, तू माझं ऊन घे की!"

मी तशीच उठले. इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "होईल की. पॅनल त्यांच्या छतावर, बॅटरी तुमच्या घरात, मध्ये गल्लीवरून वायर."

हे तुमचं उत्तर समजू की भाभींचं?

तुमच्या लेकाला पटलेलं नाही. "उद्या त्यांनी वर मजला चढवला तर? घर विकलं तर? गल्लीवरची वायर वावधानात तुटली तर?" तेही खोटं नाही. तरी मी हो म्हणून बसलेय.

मामांना सांगितलं. लांब नळी ओढत ते लिंबाखाली आले. वर बघून, तुम्हाला हाक मारायचे तसेच म्हणाले, "ऐकलं का? ऊन शेजारनं आणायलेत पोरं." मग बराच वेळ खोडावर हात ठेवून बसले.

शब्द देते, आत्याबाई. मामांचं मशीन बंद पडू देणार नाही आणि लिंबावर कुऱ्हाड चालू देणार नाही. पण दोन्हीतलं एकच वाचवायची वेळ आली, तर मी पुन्हा तुम्हालाच विचारीन. मामांना नाही विचारायची. ते कुणाला वाचवा म्हणतील ते आज मला कळलंय.

तुमची,
लिंबोळ्या झाडणारी सुनीता