लाथेचे आभार

प्रिय तेओफिलाताई,

तुला वाकून नमस्कार (गुडघ्याला पट्टी आहे, म्हणून मनातल्या मनातच वाकले). तुझं पित्ताशय काय म्हणतंय? डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं तरी तू बटाट्याची धिरडी हाणत असशील, हे मला इथे बसून दिसतं. माझी मात्र झोप उडाली आहे. उद्या संध्याकाळी आपल्या सेवेरिन बोरुत्स्कीचा सत्कार. नट म्हणून साठ वर्षं झाली त्याला. तिकिटं संपली, महापौर येणार, रंगमंचावर मखमली खुर्ची मांडून झाली, खसखशीचा भलामोठा केक आला, आणि उत्सवमूर्ती म्हणतात, मी पाऊल ठेवणार नाही!

कारण तुला ठाऊक आहे. पडदा उघडण्याआधी शुभेच्छा म्हणून पार्श्वभागावर लाथ आपल्या सगळ्याच नटांना लागते, पण त्याला ती कायम तूच मारलीस. तू रुसून ब्रोद्नित्साला जाऊन बसलीस तेव्हापासून तो रंगमंचावर उभा राहिलेला नाही. नुसते सिनेमे आणि मालिका करतो (तिथे म्हणे चुकलं की परत घेतात). काल रंगीत तालमीत त्याला म्हाताऱ्या राजाचं भाषण म्हणायचं होतं. आधी आमच्या दिग्दर्शकाने, कोर्नेलने, लाथ मारली, ती इतक्या अदबीने की जणू कोटावरची धूळच झटकतोय, आणि वर माफी मागितली. मग मी मारली. नेम चुकला आणि गुडघा मुकुटाच्या पेटीवर आपटला (पट्टी ती हीच). शेवटी विंगेत पहाऱ्याला असलेल्या अग्निशमन दलाच्या धिप्पाड जवानाने अशी हाणली की सेवेरिन थेट रंगमंचाच्या मधोमध पोचला. आणि ताई, तिथे तो आ वासून उभा राहिला. एक शब्द आठवेना. प्रॉम्प्टर ओरडून दमली.

तेव्हापासून तो रंगपटात कडी लावून बसला आहे. आतून म्हणाला, "लोंगिना, मला भीती वाटते गं. उद्या लोकांसमोर असंच झालं तर?" एवढा मोठा नट असं म्हणतो म्हटल्यावर मला रडूच आलं. मी म्हटलं, "मग बोलाव ना तिला!"

"ती कसली येते! तिला वाटतं मी कृतघ्न आहे."

"आहेसच! टीव्हीवर शिंप्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे आभार मानलेस, तिचं नावसुद्धा नाही!"

"अगं शहाणे, लाथेचे आभार मानतात का कधी? मानले की लाथ फुकट जाते!"

ताई, हे खरंच आहे गं. आपण दोघी जन्मभर नाटकात, आणि आपल्याला सुचलं नाही.

तुझी धाकटी,
लोंगिना

ता. क. हे पत्र घेऊन थिएटरची गाडी आली आहे. रिकाम्या गाडीने परत यायचं नाही, असं ड्रायव्हरला बजावलंय.

आणखी एक ता. क. सेवेरिन दार उघडून आलाय आणि माझ्या खांद्यावरून हे वाचतोय. उद्याच्या भाषणात पहिले आभार तुझेच आहेत म्हणे. पण तू लाथ मारलीस तर ते गाळावे लागतील. तो म्हणतो, "तिला विचार, काय हवंय. आभार हवे असतील तर मी लाथेशिवाय जातो. विसरलो तर विसरलो." उत्तर ड्रायव्हरजवळ देऊ नकोस, इथे येऊन दे. आणि येताना ते टोकदार बूट घाल.