तुझी पिवळी इरकल माझ्याकडे आहे

प्रिय आणि तितकीच छळवादी विजू,

काल किनवटहून तुझ्या मुलींची पत्रिका आली. ज्या वसतिगृहात तू अधीक्षिका म्हणून सगळं आयुष्य घालवलंस, तिथे तुझ्या पहिल्या पुण्यतिथीला मुली रेकॉर्डर, म्हणजे तोंडात उभी धरायची बासरी, वाजवणार आहेत आणि प्रमुख पाहुणी मी! पत्रिका हातानं केलेली आहे. खाली रंगीत खडूनं लिहिलंय, "एकाच रंगात येणाऱ्यांना दारातच उभं करण्यात येईल." हे त्यांना कुणी शिकवलं ते विचारायची गरजच नाही.

खोटं कशाला सांगू? ती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पोटात दुखलं. तू जाऊन वर्ष होत आलं तरी कौतुक तुझंच! मी लातूरच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. निरोप समारंभात मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि पाहुण्यांनी भाषणात माझं नाव चुकवलं. कुणी काही वाजवलं नाही गं.

तिथे मला चार शब्द बोलायचेत. पण जे खरं बोलायला हवं ते माईकसमोर बोलता येणार नाही. म्हणून आधी तुला लिहितेय. सगळं वाचल्याशिवाय हसू नकोस.

बासरीपासून सुरू करते. ती बासरी माझी होती, विजू. माझी! चौथीत पहिली आले म्हणून मामानं हैदराबादहून आणलेली. लाकडी, तपकिरी, उभी धरायची, टोकाला चोच. समोर सात भोकं आणि मागं अंगठ्याचं एक. आपल्या औशात तसली वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. मी बाबांच्या दुकानाच्या पायरीवर बसून जीव खाऊन फुंकायचे आणि त्यातून नुसती किंकाळी निघायची. समोरच्या किराणावाल्यानं एकदा बाबांना विचारलं होतं, "मांजर पाळली का काय सावकार?"

तू तेव्हा सात वर्षांची. परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "अक्का, तू लई जोरात फुंकून राहिलीस. तिला कामून रागवतीस? नुसतं तुऽ म्हण की."

आणि तू घेतलीस. तुऽ म्हणालीस. आणि सूर आला! गोल, सरळ, दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवाव्यात असा. बाबांनी हातातला कापड मोजायचा गज तसाच धरून ऐकलं. त्या दिवशी मला कळलं की आपल्या पोटात एक जागा असते, तिथं काहीतरी जळतं आणि त्याचा धूर बाहेर दिसत नाही. मी बासरी तुझ्या अंगावर टाकली. "घे! तुलाच होऊ दे!" म्हणाले. वाटलं होतं, तू रडशील, परत आणून देशील. तू चिंचा मला दिल्यास आणि बासरी घेऊन पळालीस.

आणि तुझे ते कपडे! बाबांचं कटपीसचं दुकान. उरलेले तुकडे आई गोधडीसाठी ठेवायची, तू ते पळवायचीस. एक बाही हिरव्या ठिपक्यांची, दुसरी गुलाबी चौकटीची, पुढं पाच बटणं आणि पाचही वेगळी. ते झंपर घालून तू ऐन बाजाराच्या दिवशी रस्त्यानं चालायचीस. मी तुझ्यामागून वीस पावलं अंतर ठेवून यायचे, कुणी आपल्याला बहिणी म्हणू नये म्हणून.

आई कपाळावर हात मारायची. बाबा मात्र हसायचे. "असू दे. ही आपल्या दुकानाची फिरती पाटी हाय." आणि मग आई हमखास म्हणायची, "सरोजा बगा. सरोजा शहाणी हाय." बस्स. तुला अख्खं दुकान मिळालं आणि मला शहाणपण. मी ते पन्नास वर्षं इस्त्री करून घातलं.

तू किनवटला गेलीस तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, सहा महिन्यांत परत येईल. जंगलातलं वसतिगृह, दूरदूरच्या पाड्यांवरच्या मुली, घरच्या आठवणीनं रडणाऱ्या. तू त्यांना रेकॉर्डर शिकवायला लागलीस, प्लॅस्टिकच्या, रांगेनं. दिवाळीला घरी यायचीस ती एका पायात लाल आणि एका पायात निळा मोजा घालून, वर चप्पल. हातात बारा बांगड्या, एकीचा रंग दुसरीला नाही. आणि आल्या आल्या सगळं घर तुझं! माझी मुलं तुझ्या गळ्यात. तुझे भाऊजी, ज्यांनी लग्नापासून पांढरा सदरा सोडून दुसरा अंगाला लावला नाही, ते एका दिवाळीला पोपटी शर्ट घालून बाहेर आले. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "विजूताई येणार आहेत ना." मी त्यांच्यासाठी पस्तीस वर्षं पुरणपोळ्या लाटल्या, विजू. पस्तीस वर्षं! माझ्यासाठी त्यांनी कधी खिशाला रंगीत पेनसुद्धा लावलं नाही.

तू मला दरवेळी म्हणायचीस, "अक्का, बस की. अर्ध्या तासात शिकवते." मी दरवेळी म्हणायचे, भाजी टाकायचीय. एकदा तर भाजी झालेली होती आणि तू झाकण उघडून दाखवलंस. तरी मी बसले नाही. तुझ्याकडून शिकायचं? माझीच वस्तू? त्यापेक्षा मी तीच भाजी पुन्हा गरम केली.

तू तरी थोडा हट्ट करायचास! माझा हात धरून बसवलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझ्या "नको"चा अर्थ तुला कळत नव्हता असं मला म्हणू नकोस. किनवटच्या सगळ्या मुलींच्या "नको"चे अर्थ तुला कळत होते.

आता ते सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

नांदेडच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होते. तुझ्या पिशवीत ती पिवळी इरकल साडी होती, जांभळ्या काठाची, आणि तिच्यावरचं, लहानपणच्यासारखंच एक बाही हिरवी, एक गुलाबी असं झंपर. तू मला ती काढून दाखवलीस. "अक्का, सुट्टी मिळाली की हीच नेसून बाहेर पडायचंय मला. हितं लोकं लई उदास हायत. जरा बगू दे त्यांना." मी म्हणाले, "आधी सूप पी."

सुट्टी मिळाली नाही. तू गेलीस आणि तुला औशाला आणलं. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, हे तुला मी काय सांगावं? आंघोळ घालून, भस्म लावून, नवं लुगडं नेसवून बसवतात. हातात इष्टलिंग, गळ्यात हार, पालखीसारखं फुलांनी सजवलेलं विमान, आणि सगळं गाव समोरून येऊन तोंड बघून जातं. शेवटचं बसणं. तिथे काय नेसवलंय ते सगळ्यांना दिसतं.

काकूनं विचारलं, "विजूचं लुगडं कुठंय सरोजा?" पिशवी माझ्या पायाशी होती. चेन अर्धी उघडी होती, पिवळा पदर मला दिसत होता. मी म्हणाले, "तिचं एकही धड न्हाई. माझं देते."

आणि माझं दिलं. बदामी रंगाचं, बारीक काठाचं, कधी न नेसलेलं. बांगड्या उतरवल्या. केसांतली ती फुलपाखराची पिन काढली. भस्माचे पट्टे तेवढे तुझे राहिले, बाकी तू हुबेहूब मी दिसत होतीस. मी स्वतःला सांगितलं, मठाचे स्वामी काय म्हणतील, पाहुणे काय म्हणतील. पण आत कुठंतरी बरं वाटलं गं. एकदाची शहाणी झालीस, असं वाटलं. माझ्या मेलेल्या बहिणीवर मी जळत होते आणि जिंकल्यासारखी उभी होते. हेही लिहितेच.

दुपारी किनवटहून जीप आली. पंधरा-सोळा मुली उतरल्या, त्यांतली पुढची दहा-अकरा वर्षांची. ती विमानासमोर आली, तुझ्याकडे पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं. आणि माझा पदर ओढून विचारलं, "आमच्या बाई कुठं हायत?"

मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "ह्या न्हाईत."

विजू, मंडपातला टाळ थांबला.

मग त्या पोरीनं जवळ जाऊन तुझं तोंड नीट पाहिलं. तिला कळलं. ती रडली नाही. तिनं आपल्या वेणीची नारिंगी रिबीन सोडली आणि तुझ्या मनगटाला बांधली. काकू पुढं धावली, "अगं, शिवू नको!" पण स्वामींनी हात वर केला. म्हणाले, "बांधू द्या. तिची माणसं हायत ती." मग एकेक आली. कुणी हिरवी बांगडी, कुणी लाल क्लिप, कुणी कानातला मोती. एकीनं तर पायातला मोजा काढून तुझ्या मांडीवर ठेवला, निळा. बघता बघता माझं बदामी लुगडं दिसेनासं झालं. मग त्यांनी रांगेत उभं राहून रेकॉर्डर वाजवल्या आणि तू वाजतगाजत शेतातल्या समाधीला गेलीस.

मी चिडले होते. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

महिन्यानं वसतिगृहातून तुझी ट्रंक आली. त्यात बासरी. चोचीवर तुझ्या दातांची खूण. भाऊजी बाजारात गेले की मी दार लावून वाजवायला बसायचे. आधी किंकाळी. सासू मांजर झाली म्हणून सुनेनं हसून घेतलं. मग मी तुऽ म्हणायला शिकले. रोज. वरचे सूर आले. खालचा, सगळ्यात खालचा, ज्याला आठही भोकं बंद लागतात आणि करंगळी पार टोकाला न्यावी लागते, तो येईना. खडू धरून धरून माझी करंगळी आखडलीय.

शेवटी तुझ्या जागी आलेल्या बाईंना फोन केला. मुली स्पीकरवर होत्या. मी विचारलं, तो खालचा सूर कसा काढता? त्या खिदळायला लागल्या. एक म्हणाली, "कोणता, अक्का?"

मला वाटलं, मला हाक मारतेय. म्हटलं, "तोच गं, सगळ्यात खालचा."

"हाव, तोच. त्याचं नाव अक्का हाय. बाईंनी ठेवलंय. बाई म्हणायच्या, ती लवकर येत न्हाई, जोर लावला की रुसती. पण ती आली की बाकी सगळ्या तिच्यावर उभ्या ऱ्हात्यात."

मी फोन ठेवला. बघ तुझा छळवाद! माझ्याच बासरीत माझं नाव ठेवून गेलीस, आणि ते मलाच वाजवता येत नाही! दोन दिवस मी तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी इतका हळू श्वास सोडला की मलाच ऐकू आला नाही. आणि ती आली. थोडी थरथरती, पण आली. मी एकटीनं टाळ्या वाजवल्या.

तर आता ऐक. पिवळी इरकल माझ्याकडे आहे. मी ती कुणाला दिली नाही, दाखवलीही नव्हती. गेल्या आठवड्यात सुनेला सांगितलं, मला बसवाल तेव्हा ही नेसवा, झंपरासकट. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला आत्या? आत्ता नेसा की." शहाणी आहे पोरगी. जरा जास्तच.

म्हणून तुला वचन देते. किनवटला मी ती नेसून येईन. एक बाही हिरवी, एक गुलाबी, पायात लाल आणि निळा मोजा, वर चप्पल. औशाच्या स्टँडवरूनच बसेन, बाजाराच्या दिवशी, म्हणजे सगळ्यांना दिसेल. आधी मुलींना सांगेन की त्या दिवशी तुला त्यांच्या बाईंसारखी मी दिसू दिलं नाही, आणि पिशवी माझ्या पायाशी होती. मग त्यांच्या रांगेत टोकाला उभी राहून एकच सूर वाजवेन. माझा.

तुला ती दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर नेसायची होती. मी आधी नेसतेय. माझ्या अंगावर ती तुझ्यापेक्षा खुलून दिसते, मी आरशात पाहिलंय. कुठून बघत असशील तिथून बघ, आणि एकदा, विजू, एकदा तरी तू माझ्यावर जळ.

तुझ्यावर जन्मभर जळलेली,
अक्का